पस्तीस सुया
(लंडन, १९३१. सिस्टर डिलिस प्रॉसरच्या वहीतून)

हेस्टर पिल्बीम वॉर्डात आली,
बर्मंडसीत कॉर्सेट शिवणारी, बावन्न वर्षांची.
टोपी न काढताच पलंगाच्या कडेला टेकली
आणि म्हणाली, "कापणार नसाल, तर थांबते."

गाठ वाटाण्याएवढी.
तिलाच सापडली होती,
गिऱ्हाइकाच्या मापाची फीत
सहज स्वतःभोवती धरून बघताना.

धाकट्या बहिणीचं, मॉडचं, झालं होतं ऑपरेशन.
तेव्हाची रीतच ती: स्तन, खालचा स्नायू, काखेतलं सगळं,
पार बरगडीपर्यंत.
मॉड जगली. हात मात्र सुजून उशीएवढा झाला,
केस विंचरायला शेजारीण लागायची.
"मीच शिवलं तिचं कॉर्सेट," हेस्टर सांगायची,
"डावीकडे वजनाला वाळके वाटाणे भरून.
हलली की खुळखुळायचे.
चर्चमध्ये सगळे गुडघे टेकायचे,
ही आपली उभीच."

आमचे सर्जन मितभाषी.
त्यांच्याबद्दल बाकीचे सर्जन जेवणाच्या टेबलावर
भरपूर बोलायचे: कापायचं सोडून भरतकाम करतोय म्हणे.
तिला ते एवढंच म्हणाले,
सुया घालू. रेडियमच्या. आठवडाभर राहतील.
बऱ्या व्हालच, असं वचन देत नाही.
हेस्टरने विचारलं,
"कितव्या नंबरच्या?"

प्लॅटिनमच्या, काडीहून बारीक,
प्रत्येकीच्या नेढ्यात रेशमी दोरा.
शिशाच्या पेटीतून मी लांब चिमट्याने उचलून द्यायची.
घाईत कधी कधी बोटांनीच.
भूल उतरल्यावर तिने मान वाकवून पाहिलं,
छातीवर पस्तीस दोऱ्यांची झालर.
"टाके एकसारखे नाहीत," म्हणाली, आणि झोपी गेली.

सकाळी पस्तीस. रात्री पस्तीस.
किरणांना आवाज नाही, वास नाही,
खिडकीत ठेवलेलं दूधही त्यांनी नासत नाही.
मध्यरात्री ती जागीच असायची.
"सिस्टर, जन्मभर मी बायकांना सुईने आवळत आले.
आता ही आत बसून
काय उसवतेय, कोण जाणे."
उत्तर मलाही येत नव्हतं.
मी उशी पालथी करून दिली.

पाचव्या दिवशी चौतीस.

चादरी झटकल्या, बादल्या उपसल्या,
धोब्याकडची गाडी फाटकातच अडवली.
तळघरातून ते यंत्र आणलं,
काचेत सोन्याच्या वर्खाची दोन पानं,
एकमेकांपासून फटकून उभी.
ते घेऊन मी कचऱ्याच्या एकेका डब्यापाशी थांबत गेले.
जुन्या बँडेजांच्या बादलीपाशी
पानं मिटली, हळूच,
झोप आलेल्या पोराच्या पापण्यांसारखी.
हेस्टर चिडली होती. "मला विचारायचं ना!
सुई हरवली की आधी
स्वतःचा पदर... म्हणजे एप्रन, झटकायचा असतो."
(पदर हा शब्द तिचा नाही. माझी वही
मराठीत उतरवणाऱ्या बाईचा आहे; राहू दे.)

सातव्या दिवशी सुया काढल्या.
कातडी लाल झाली, मग काळवंडली,
मग ओल्या कागदासारखी सुटली.
नवी आली ती गुळगुळीत, थोडी ताठ,
खळ दिलेल्या कापडासारखी.

आठ महिन्यांनी आली तेव्हा
अंगात स्वतः शिवलेलं कॉर्सेट, दोन्ही बाजू सारख्या.
सर्जनची बोटं त्या जागी थांबली,
पुढे गेली, परत आली, पुन्हा थांबली.
मी वहीत 'बरी' लिहिलं नाही.
लिहिलं: गाठ हाताला लागत नाही.

जाताना तिने हात मिळवला, आणि सोडेना.
माझी बोटं उजेडाकडे वळवली;
टोकं चकचकीत, भेगाळलेली, नखं ठिसूळ.
"हे कधीपासून?"
मी हात खिशात घातला.
म्हटलं, तीन महिन्यांनी या, गुरुवारी.

त्या रात्री गणवेशाचं बटण लावायला बसले.
सुई धरली होती की नव्हती,
ते बघावं लागलं.